मीच हाय की

(दृश्य: बीड जिल्ह्यातलं एक रेशन दुकान. टेबलावर अंगठा घेणारी मशीन.)

"मावशी, दुसरं बोट ठेवा. हे घेईना गेलंय."

मावशी अंगठा पदराला पुसतात, पुन्हा दाबतात. मशीनला पटत नाही. दरसाल दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर जायचं, चार-पाच महिने कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या. बोटांवरच्या रेषा त्यातच झिजल्या.

"आरं, मीच हाय की!"

मशीनचं म्हणणं एवढंच, की माणूस म्हणजे त्याचा देह. हे तत्त्वज्ञानच झालं, आणि तेही वादातलं.

(दृश्य: वेरूळ. कॅमेरा बौद्ध लेण्यांवरून कैलासाकडे, मग जैन लेण्यांकडे.)

वेरूळला एकाच डोंगरात तीन पंथांची ३४ लेणी आहेत. 'मी कोण' याचं उत्तर तिघांचं वेगळं. जैन म्हणतात, जीव देहाच्या मापाचा. मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. वेदान्ती म्हणेल, देह नुसतं वस्त्र, आत्मा तोच. बौद्धांचं उत्तर पचायला सगळ्यांत जड. भिक्खू नागसेनानं यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंदाला विचारलं, रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? एकेक बाजूला काढा, रथ कुठंच सापडत नाही. 'नागसेन' हेही असंच, हाक मारायपुरतं नाव.

छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांनी उभं केलेलं कॉलेज या मिलिंदाच्या नावाचं, आणि परिसर नागसेनवन. वाद घालणारे दोघं अजून शेजारी आहेत.

(दृश्य: रात्र. फडावरची कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी, चुलीचा उजेड.)

इंग्लंडात १६९४ साली तत्त्वज्ञ जॉन लॉकनं लिहिलं, की माणूस तोच राहतो तो जाणिवेमुळं, आठवणीमुळं. राजपुत्राच्या आठवणी चांभाराच्या देहात गेल्या, तर तो राजपुत्रच. मावशींना हे सोयीचं. कुठल्या साली कुठला फड, कोणतं लेकरू कोपीतच जन्मलं, सगळं तोंडपाठ. पण आठवण मशीनवर कशी ठेवणार?

१७३९ मध्ये दुसरा तत्त्वज्ञ, डेव्हिड ह्यूम, यानं स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. ऊन, थंडी, माया, द्वेष सापडले; 'मी' काही दिसेना. नागसेनाशी त्याची गाठ पडायला हवी होती.

(दृश्य: पुन्हा दुकान.)

रांगेतली एक म्हातारी ओरडते, "आरं, आमच्या गल्लीतली हाय ती, दे की!" मशीनला साक्ष चालत नाही.

चौथ्या खेपेला डाव्या हाताची अनामिका लागते. पावती सरकन बाहेर येते. मावशी ती दुकानदारापुढं धरतात.

"वाच बरं, काय लिवलंय?"

नाव बरोबर आहे. आडनावातली वेलांटी चुकलीय.