डोक्याला मार लागलाय? तारीख लिहून ठेवा

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथून ऐकताय तिथून पाच मिनिटं द्या, आज आमच्या मामांबद्दल बोलायचंय.

मामा येळ्ळूरचे, वय अडुसष्ट, रोज सायकलला दुधाचा कॅन अडकवून वडगावात रतीब घालायचे. पावसात एकदा चाक घसरलं, डोकं कडेच्या दगडावर आपटलं, हेल्मेट कुठलं आलंय. उठले, चिखल पुसला, घरी येऊन चहा प्याले, कपाळाला टेंगूळ तेवढं आलं, त्याला हळद लावली आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

पाचेक आठवड्यांनी मी गेलो तर मामा सोप्यातून अंगणात येत होते आणि त्यांच्या डाव्या पायातली चप्पल उंबऱ्यातच राहिली. त्यांना पत्ताच नाही, तसेच एका चपलेवर चालत आले. मामी म्हणाली वय झालं रे, हल्ली बोलतात पण कमी, डोकं जड आहे म्हणून झोपूनच असतात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कुठं पडलात काय, सगळे नाही म्हणाले, आणि मग मामेभावाला सायकल आठवली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साठलेलं दिसलं, उजवी बाजू दाबली गेली की डावा हातपाय लुळा पडतो ना.

कसं होतं बघा, वयानं मेंदू थोडा आकसतो, मग मेंदू आणि त्याच्या आवरणामधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, धक्क्यानं एखादी फाटते आणि रक्त अगदी हळू पाझरत राहतं, दोनतीन आठवडे, कधी दोनतीन महिनेसुद्धा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, रोजची दारू असेल तर धोका जास्त. आणि पिणाऱ्या माणसाचा तोल गेला तर लोक प्यालाय म्हणून सोडून देतात, तसं करू नका हो.

तरुण पोरांचं वेगळं, कवटीच्या आतली धमनी फाटली तर पोरगं तास-दोन तास चांगलं बोलतं आणि मग एकदम ढासळतं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, हलवूनही नीट जाग येत नाही, फिट आली, नाका-कानातून पाणी आलं, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. डोकं दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन तर मनानं देऊच नका, रक्त थांबायला अडचण होते.

नुसता मुका मार असला तरी काही दिवस चक्कर, चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणं होतं. पोरं नाटक करत नसतात. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, तोवर विश्रांती द्या, मोबाईल कमी, आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत खेळायला, सायकलवर पाठवू नका.

मामांच्या कवटीला दोन छोटी भोकं पाडून रक्त काढलं, दुसऱ्या दिवशी पाय उचलला त्यांनी. आता मामीनं कॅलेंडरला पेन बांधून ठेवलंय, परवा नातू झोपाळ्यावरून पडला तर आधी त्याचं डोकं चाचपून बघितलं आणि लगेच त्या तारखेला गोल केला.