छपराखालचं डुक्कर

मंडळी, 'डुक्कर' म्हटलं की शिवी होते आणि 'वराह' म्हटलं की आपण हात जोडतो. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याचं नावही वराह; आपण त्यालाच होन म्हणतो. म्हणजे डुकराचा आणि पैशाचा संबंध आपल्याला अगदीच नवा नाही, फक्त इथे ते अवतार होऊन आलं. आज मला बोलायचंय ते बिनअवताराच्या, उकिरडा हुंगणाऱ्या डुकराबद्दल. तेही कित्येक ठिकाणी शुभ मानतात.

चिनी लिपीत 'घर' लिहायचं तर वर छप्पर काढतात आणि त्याखाली डुक्कर. अक्षर असं का झालं यावर पंडितांचे वाद आहेत, ते चालू देत. मला त्यात हिशेब दिसतो. गाय दूध देते, घोडा ओझं ओढतो, कोंबडी अंडी घालते. डुक्कर जिवंतपणी यातलं काही करत नाही. खरकटं, कोंडा, सालपटं जे पडेल ते खातं आणि अंगावर साठवतं. ती घरची ठेवच. जावा बेटावर गल्ल्याला 'चेलेंगान' म्हणतात, कारण 'चेलेंग' म्हणजे रानडुक्कर. मजापहित राज्याच्या काळातले, 14व्या-15व्या शतकातले, डुकराच्या आकाराचे मातीचे गल्ले तिथे सापडलेत. पाठीवर एक फट, बाकी सगळं बंद. पैसे हवेत तर गल्ला फोडायचा. खऱ्या डुकराचंही तेच.

जर्मन माणूस नशिबाने वाचला की म्हणतो, 'डुक्कर मिळालं!' जुन्या नेमबाजीच्या स्पर्धांत शेवटच्याला सांत्वन म्हणून डुकराचं पिल्लू देत, त्यावरून हे आलं असं सांगतात. नव्या वर्षाला तिथे बदामाच्या मिठाईची गुलाबी डुकरं एकमेकांना देतात. कोरियात स्वप्नात डुक्कर आलं की लोक लॉटरीचं तिकीट घेतात. डुकरासाठीचा चिनी मुळाचा 'दोन' हा उच्चार आणि पैशाचा कोरियन शब्द एकसारखेच.

गोष्टींत मात्र हे साठवणारं पोट खादाड होतं. चिनी वर्षचक्रातल्या बारा प्राण्यांत डुक्कर शेवटचं, कारण म्हणे क्रम ठरवायच्या शर्यतीत वाटेतच ते जेवलं आणि झोपलं. ह्युएन त्संगच्या भारतयात्रेवरून रचलेल्या 16व्या शतकातल्या कादंबरीत त्याचा एक शिष्य डुक्करतोंड्या आहे, झू बाज्ये. हा मूळचा स्वर्गातला सेनापती. चंद्रावरच्या देवीची छेड काढली म्हणून हाकलला गेला आणि चुकून डुकरिणीच्या पोटी जन्मला. शेवटी इतरांना बुद्धपद वगैरे मिळतं, याला काम मिळतं वेदीवरचा उरलेला नैवेद्य संपवायचं. यापेक्षा मनाजोगती नेमणूक कुणाला मिळाली असेल, सांगा!

आणि तीन डुकरांची गोष्ट. आपल्याला तिघांची गवताची, काटक्यांची, विटांची घरं आणि ती पाडायला आलेल्या लांडग्याची फुंकर एवढंच आठवतं. 1890 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या पाठात पहिल्या दोघांना लांडगा सरळ खातो. विटांचं घर पडत नाही, तेव्हा तो गोड बोलू लागतो. उद्या सहाला सलगम आणायला जाऊ या? डुक्कर पाचलाच जाऊन परत आलेलं असतं. मग सफरचंदं, या खेपेला डुक्कर झाडावरच सापडतं, तेव्हा एक फळ लांब भिरकावतं आणि लांडगा ते उचलायला धावला की घर गाठतं. मग जत्रा. तिथून येताना समोर लांडगा दिसतो, तर विकत घेतलेल्या लोणी काढायच्या पिंपात शिरून ते उतारावरून गडगडत खाली येतं आणि लांडगाच घाबरून पळतो. हे डुक्कर आळशी नाही, झोपाळू तर नाहीच. एक तास आधी उठणारं आहे.

शेवटी लांडगा धुराड्यातून उतरतो. खाली चुलीवर पाणी उकळतंय. डुक्कर झाकण काढतं, लांडगा आत पडतो, झाकण परत बसतं, आणि रात्रीच्या जेवणाला डुक्कर त्याला खातं. ज्याला सगळे खातात, ते इथे जेवायला बसलंय! हल्ली सांगताना बरेच जण लांडग्याला शेपूट भाजून पळवून लावतात. मी नातवंडांना सांगतो तेव्हा झाकण लावतो.