मुका माणूस मनात कोणत्या भाषेत बोलतो?

नमस्कार मंडळी. मागं विहिरीवरची मोटर चालू आहे, तिचा आवाज येईल. लाईन आत्ता कुठं आली, ओलीत थांबवता येत नाही, म्हणून वावरातूनच बोलते.

पोळ्याच्या व्हिडिओत बैलाच्या शिंगांना बेगड लावताना माझे काकाजी दिसले होते. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही, शाळेत कधी गेले नाहीत. तेव्हापासून एकच प्रश्न येऊन राहिला आहे, "ताई, यांना भाषाच येत नाही, तर हे मनात कोणत्या भाषेत विचार करतात?" एका दादानं पुढचं विचारलं, की डोळेही नसतील अन् कानही नसतील तर आत काय चालत असेल? आणि दोघा-तिघांनी लिहिलं, "त्यांना काय कळते, बिचारे." ते वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

डोळ्यांचं पटकन सांगते. जन्मांध माणसाला अंधार दिसतो असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तुमच्या डोक्याच्या मागं तुम्हाला आत्ता काय दिसते? काळंही दिसत नाही, काहीच दिसत नाही. जन्मांधांच्या स्वप्नात चित्रं नसतात, पण आवाज, वास, स्पर्श, चव सगळं असतं. आणि ते बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा भाग, जो आपण पाहायला वापरतो, तोच कामाला लागतो. आपल्या अमरावती जिल्ह्यात हे वेगळं सांगायची गरज नाही. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले, वर्षाचे होण्याआधी त्यांची दृष्टी गेली, १९१५ मध्ये ते गेले. उण्यापुऱ्या ३४ वर्षांत शंभराहून जास्त ग्रंथ. प्रज्ञाचक्षू म्हणतो आपण त्यांना.

पण महाराजांना कान होते. भाषा कानावाटे आत आली. कान नसले की खरा गुंता सुरू होतो, आणि इथंच सगळे अडखळतात. तोंडातून निघतो तो आवाज वेगळा, भाषा वेगळी आणि विचार वेगळा. आपण तिघांची एकच मोट बांधतो. तोंड बंद म्हणजे भाषा नाही, भाषा नाही म्हणजे डोकं नाही, असं ठरवून मोकळे होतो.

काकाजींचंच घ्या. कापूस वेचणीला बाया आल्या की गाठोडी मोजायचं काम त्यांच्याकडे. एक गाठोडं आलं की तुरीचा एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. सांजच्याला ते उजवा खिसा बाबांच्या ओंजळीत रिकामा करतात. कधीच चूक नाही. आता ऐका. निकाराग्वा देशात असेच चार बहिरे लोक होते, वयानं मोठे, कामधंदा करणारे, पण कोणतीही भाषा न मिळालेले, फक्त घरच्या खुणांवर जगलेले. २०११ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. बोटांनी आकडे दाखवायचे ते, पण तीनच्या पुढं नेमका आकडा हुकायचा. अंदाज जवळचा, नेमका नाही. म्हणजे "एक, दोन, तीन, चार" ही शब्दांची माळ नुसती नावं नाहीत, ती मोजायचं अवजार आहे. काकाजींकडे ती माळ नाही. त्यांनी दाण्यांची केली. ती त्यांना कोणी शिकवली नाही, मी बाबांना आणि आजीला दोघांनाही विचारलं आहे.

तरी पटत नसेल तर उलट बाजूनं बघू. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना लकवा मारला अन् शब्द गेले. बोलता येईना, दुसऱ्याचं बोललेलंही नीट उमगेना. पण सारीपाटाच्या डावात त्यांना आजही कोणी फसवू शकत नाही. हे त्यांच्या एकट्याचं नाही. मेंदूतला भाषेचा भाग जवळपास सगळा निकामी झालेली माणसं गणितं सोडवतात, बुद्धिबळ खेळतात, हे डॉक्टरांनी तपासून नोंदवलं आहे. भाषा गेली, विचार राहिला.

आणि तिसरी बाजू, आवाज नाही पण भाषा पुरी. पुन्हा निकाराग्वाच. १९७७ साली मानाग्वा शहरात विशेष मुलांची शाळा निघाली. घरोघरी एकेकटी असलेली बहिरी पोरं पहिल्यांदा एका जागी आली. मास्तर लोक ओठ वाचायला शिकवत होते, ते काही जमलं नाही. पण खेळायच्या सुट्टीत, गाडीत, पोरांनी आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या, आणि पुढच्या लहान पोरांनी त्यातून व्याकरण असलेली पूर्ण भाषा उभी केली. कोणी शिकवली नाही! म्हणून सांगते, हातवारे अन् खुणांची भाषा एक नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचं व्याकरण आहे, ती मराठीचं भाषांतर नाही. जे ती लहानपणापासून वापरतात, त्यांच्या मनातही हात चालतात. तुमच्या मनात मराठी बोलते तसेच.

आता ते डोळे-कान दोन्ही नसण्याचं. हेलन केलर. पंपाखाली हात, तळहातावर "पाणी" हा शब्द, ५ एप्रिल १८८७, ही गोष्ट पुस्तकात सगळ्यांनी वाचली आहे, तिच्यावर थांबत नाही. त्या गोष्टीच्या आधीचं कोणी सांगत नाही. १९ महिन्यांची असताना आजारात दोन्ही गेलं. पण शिकवणाऱ्या बाई यायच्या आधी तिच्याकडे घरच्या साठेक खुणा होत्या. पाव हवा तर कापून लोणी लावल्यासारखं करायची. आइस्क्रीम हवं तर यंत्र फिरवून कुडकुडायची. एकदा तिनं आईला कोठीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं, आणि पायरीवर बसून दार ठोठावल्याचे हादरे अंगानं घेत हसत राहिली. आई तीन तास आत! किल्लीनं काय होतं, आत कोण आहे, ती बाहेर येऊ शकत नाही, एवढं सगळं एकाही शब्दाशिवाय. तरी १९०८ मध्ये तिनंच लिहिलं, की बाई येण्याआधी "मी आहे" हेच मला ठाऊक नव्हतं. दोन्ही खरं मानते मी. एवढंच, की हे तिनं भाषा आल्यावर आठवून लिहिलं आहे.

भाषा नसली की नेमकं काय हुकतं, ते मी घरात पाहिलं आहे.

आमचे मोठे बाबा नागपूरच्या दवाखान्यात वारले. तिथंच सगळं झालं. घरी आल्यावर आजीनं काकाजींना मिशीला पीळ दिल्यासारखं करून दाखवलं, ही मोठ्या बाबांची खूण, मग डोळे मिटून मान टाकली. काकाजींनी मान हलवली. आम्हाला वाटलं, कळलं. त्यांना कळलं होतं, तो तिकडं झोपला आहे. मरण काय असतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. बैल मेलेला त्यांनी स्वतः पुरला होता. पण जे डोळ्यांदेखत झालं नाही ते त्यांच्यापर्यंत पोचवायला आमच्या घरात खूणच नव्हती. तो अख्खा पावसाळा, दर बाजारच्या दिवशी, ते फाट्यावर एसटीजवळ उभे राहायचे.

दिवाळीनंतर गावातलं एक म्हातारं माणूस गेलं. मोक्षधामात सरण पेटल्यावर काकाजींनी बाबांचं मनगट धरलं, मिशीला पीळ दिला आणि सरणाकडे बोट केलं. बाबांनी मान हलवली. काकाजी तिथंच खाली बसले. त्यानंतर ते फाट्यावर गेले नाहीत.

"काय कळते" लिहिणाऱ्यांनो, चार महिने एकट्यानं, शब्दांशिवाय, त्यांनी हे जुळवलं. आपल्यासारखं एका वाक्यात त्यांना कोणी सांगू शकलं असतं तर ते चार महिने वाचले असते. हे मला अजून लागतं.

म्हणून ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांना हात जोडून विनंती. आवाजाला दचकत नाही, हाक मारली तर वळत नाही, असं वाटलं तर "बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिरा बोलला" म्हणत बसू नका. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं त्यांना सांगा, जिल्हा रुग्णालयात नेऊन कान तपासा. झोपलेल्या बाळाचीही तपासणी होते. आणि एका ताईंनी विचारलं की खुणा शिकवल्या तर पोरगं बोलायचं राहील का? नाही राहणार. कानाचं मशीन लावा, बोलणं शिकवा, सोबत खुणाही द्या. पहिली काही वर्षं भाषेविना गेली की ती पुढं भरून निघणं फार अवघड. सांकेतिक भाषेची सरकारी संस्था २०१५ पासून दिल्लीत आहे, तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आहेत, व्हिडिओ फुकट आहेत. आधी आई-बापानं शिका, मग काका-आत्यांनी.

थांबा. काकाजी धुऱ्यावरून हात करून राहिले. पाईपवर तळहात ठेवून त्यांनी ओळखलं, पाणी ओढणं कमी झालं आहे. मोटर बंद करायला जाते.