शिरोलीत जागा आहे, पण कळणार कसं?

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. कारखान्यांच्या गेटवर पाट्या लागतात: 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे', 'फिटर पाहिजे', 'फेटलिंगसाठी (ओतीव भाग घासून साफ करायला) कामगार पाहिजेत'. आणि याच जिल्ह्यातली आयटीआय झालेली मुलं बॅग भरून पुण्याकडे चाकणला, रांजणगावला जातात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा लावतात, पगार हातात यायच्या आधीच वाटला जातो.

ज्याला पुण्याला जायचंय त्यानं जरूर जावं. पण घराजवळ काम होतं आणि ते कळलंच नाही, म्हणून कुणाला गाव सोडावं लागू नये.

पूर्वी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं आणि कॉलची वाट बघायची. 1959च्या कायद्यानं रिकाम्या जागा कळवण्याचं बंधन घातलं, पण खासगी क्षेत्रात ते 25 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांपुरतं. उद्यमनगरातलं दहा जणांचं मशीन शॉप त्यात बसतच नव्हतं. कोल्हापुरातलं कितीतरी काम अशाच लहान शेडमध्ये चालतं. तिथली जागा ओळखीतून भरायची. ज्याची ओळख नाही, त्याच्यापर्यंत बातमीच पोचायची नाही.

आता ती नोंदणी राज्य सरकारच्या 'महास्वयम्' पोर्टलवर होते. केंद्राचं 'नॅशनल करिअर सर्व्हिस' पोर्टल 2015 पासून सुरू आहे. दोन्हीकडे नाव घालायला पैसे लागत नाहीत. जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांची माहितीही महास्वयम् वर मिळते.

खरी गोम आहे प्रोफाइलमध्ये. 'आयटीआय पास, मेहनती, कुठलंही काम करीन.' हे वाचून शॉपमधल्या सुपरवायझरला काय कळणार? तेच असं लिहून बघा: 'टर्नर ट्रेड. सीएनसी मशीनच्या फानुक कंट्रोलवर सेटिंग जमतं. ड्रॉइंग वाचता येतं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज वापरलेत. रात्रपाळी चालेल. राहणार हातकणंगले, स्वतःची दुचाकी आहे.' माणूस कुठल्या मशीनवर उभा राहील, हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं. आणि शेवटची ओळ अजिबात गाळू नका. रात्रपाळीला वेळेवर पोचणारा माणूस मालकाला हवाच असतो.

जी शेड कुठल्याच पोर्टलवर नाही, ती बऱ्याचदा गूगल मॅप्सवर सापडते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा एकेका वसाहतीवर नकाशा आणायचा, 'फाउंड्री' किंवा 'मशीन शॉप' शोधायचं, दिसेल त्या नंबरवर फोन लावायचा. जाहिरातीची वाट कशाला बघायची?

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. नोकरी देतो म्हणून नोंदणी फी, युनिफॉर्मचे पैसे, ट्रेनिंगचं डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. ओटीपी तर कुणालाच सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

बोलावणं आलं की जाण्याआधी फोनवरच विचारून घ्या. हातात किती पडणार? कंपनीचा कामगार की ठेकेदाराचा? पीएफ, ईएसआय भरतात का? ओव्हरटाइमचा दर काय? नीट उत्तरं मिळाली, तर मार्कशीटच्या झेरॉक्स आणि आधार कार्ड घेऊन सकाळी पहिल्या पाळीलाच गेटवर हजर व्हा.