जोडीजोडीने निवड करताना आकडे कुठे फसतात

मंडळी, समजा कोथरूडमध्ये भाड्याने फ्लॅट बघायचाय. पहिला २६ हजार, साडेपाचशे फूट. दुसरा साडेसत्तावीस, सहाशे फूट. तिसरा २९ हजार, साडेसहाशे फूट. पहिला आणि दुसरा समोर ठेवले की माणूस म्हणतो, दीड हजाराने काय होतंय, दुसरा घेऊ. दुसऱ्या-तिसऱ्यातही तसंच, तिसरा घेऊ. पण पहिला आणि तिसरा समोरासमोर आले की, ‘महिन्याला तीन हजार जास्त? नको, पहिलाच बरा!’ झालं चक्र. मानसशास्त्रज्ञ अमॉस ट्वर्स्की यांनी १९६९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं ते हेच. छोटा फरक आपण सोडून देतो, पण असे दोन फरक एकत्र आले की तोच फरक डोळ्यात भरतो.

चक्र निदान दिसतं तरी. आकड्यांतली विसंगती लपून राहते. निकषांची जोडीजोडीने तुलना करून त्यांचं वजन ठरवायची थॉमस साटी यांची एक पद्धत आहे (एएचपी). तिच्यात ‘हे त्यापेक्षा किती महत्त्वाचं’ याला १ ते ९ गुण देतात आणि ते एका तक्त्यात भरतात. पाणी अंतराच्या ३ पट महत्त्वाचं, अंतर पार्किंगच्या ३ पट. मग पाणी पार्किंगच्या ९ पट हवं. हे किती जुळतं ते मोजायला तक्त्याच्या सर्वांत मोठ्या आयगेन व्हॅल्यूतून (तक्त्यावरून गणिताने निघणारी संख्या; सगळं तंतोतंत जुळलं तर ती निकषांच्या संख्येइतकीच येते) निकषांची संख्या वजा करायची, संख्या उणे एकने भागायचं, आणि येईल त्याला, वाटेल तशा भरलेल्या तक्त्यांत हाच आकडा सरासरी किती येतो, त्याने पुन्हा भागायचं. ही सरासरी ३ निकषांना ०.५८, ४ ना ०.९०, ५ ना १.१२. हे उत्तर म्हणजे विसंगतीचं गुणोत्तर; ते ०.१० च्या आत असलं की तक्ता चालतो.

आता ९ च्या जागी ५ लिहा: गुणोत्तर ०.०३, काही बिघडत नाही. २ लिहा: ०.२२, पुन्हा विचारायला हवं. आणि ५ ऐवजी चुकून १/५ भरलं तर थेट १.५८. आकडा १ च्या वर गेला की आधी उलटा भरलेला रकाना शोधा. माणसाच्या डोक्यातल्या गोंधळाची चर्चा नंतर.

एक खोच मात्र मोजपट्टीतच आहे. पाणी अंतराच्या ५ पट, अंतर पार्किंगच्या ५ पट, तर तिसरं उत्तर २५ हवं. पट्टी ९ ला संपते. उत्तर देणाऱ्याने इमानदारीत ९ लिहिलं तरी गुणोत्तर ०.१० वर जाऊन टेकतं. इथे दोष त्याचा नाही. इतके लांबचे निकष एका तक्त्यात घालू नयेत, आधी गट पाडावेत.

दुरुस्ती करताना सॉफ्टवेअरने सुचवलेला आकडा गपचूप टाकणं मला पटत नाही. गुणोत्तर सुधारतं, पण मत कुणाचं राहिलं? सगळ्यांत जास्त बिघडलेलं तीन निकषांचं त्रिकूट काढा, त्यातली एकच जोडी, बाजू उलटवून, पुन्हा विचारा: आधी ‘पाणी की पार्किंग’ विचारलं असेल तर आता ‘पार्किंग की पाणी’. उत्तर बदललं तर का, तेही विचारा. बऱ्याचदा कळतं की एका जोडीत ‘पाणी’ म्हणजे टँकरचा खर्च धरला होता, दुसरीत नळाची वेळ.

प्रश्न किती? १० निकषांना ४५ जोड्या होतात, तीसएक प्रश्नांनंतर लोक नुसतं उरकतात. सात निकषांपर्यंतच राहा, म्हणजे जास्तीत जास्त २१. पण कमी करायच्या नादात ५ निकषांना नेमके ४ प्रश्न विचारून, बाकीचे आकडे गुणाकाराने भरून घेऊ नका. विसंगती हमखास शून्य येते, कारण ताडून बघायला दुसरं उत्तरच घेतलेलं नसतं.