सातूची खिंड

नमस्कार श्रोतेहो.

कोरियन भाषेत एक शब्द आहे, बोरित्गोगे. बोरी म्हणजे सातू आणि गोगे म्हणजे डोंगरातली खिंड. मागच्या हंगामातला तांदूळ वसंतात संपायचा आणि सातू हाती यायला मे-जून उजाडायचा. मधले दिवस पाइनची साल आणि रानातली मुळं उकडून काढायचे. ही ती खिंड. 1950 ते 1953 च्या युद्धानंतर दक्षिण कोरियाच्या खेड्यांना ती वर्षानुवर्षं ओलांडावी लागली. अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदतीच्या कायद्याखालचा गहू तिथेही गेला. रेशनवरचा तो लाल गहू आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल.

किम की-यंग या दिग्दर्शकाचा 1963 चा 'गोऱ्योजांग' हा चित्रपट मी हा शब्द मनात ठेवून पाहिला. सत्तरी गाठलेल्या आईबापाला डोंगरावर नेऊन सोडायचं, अशी ही दंतकथा. काळ फार जुना, पण थिएटरात बसलेल्यांसाठी भूक कालपरवाची होती. डोंगर स्टुडिओत उभारलेला आहे, हे लगेच कळतं. मला तर आधी थोडं हसूच आलं. मग मुलगा आईला जिगेवर बसवून चढू लागतो. जिगे म्हणजे शेतकरी जळण, गवत वाहतो ती पाठीवरची लाकडी चौकट. त्या ओझ्याच्या जागी आई. हसू तिथेच संपलं.

त्या काळातले किती तरी कोरियन चित्रपट आज उरलेलेच नाहीत. खेळ संपले की फितीला किंमत नसे. काही फिती तर उन्हाळी गवती टोप्यांच्या कडेला पट्टी म्हणून लागल्या. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या डोक्यावर एखाद्या नायिकेचा चेहरा उन्हात तापत असणार!

किम यांच्याच 1960 च्या 'हाउसमेड'ची दोन रिळं हरवली होती. 1990 मध्ये जी प्रत मिळाली, तिच्यावर संवादांची हाताने लिहिलेली इंग्रजी उपशीर्षकं होती. ती पुसून 2008 मध्ये चित्रपट पुन्हा उभा केला, कोरियन फिल्म आर्काइव्हने.

'गोऱ्योजांग'चं नशीब तेवढं नाही. त्याचीही दोन रिळं गेली, ती गेलीच. आर्काइव्हने तो यूट्यूबवर फुकट ठेवला आहे, जरूर पाहा. हरवलेल्या भागापाशी आलात की दृश्यं थांबतील आणि पुढची गोष्ट अक्षरांत वाचावी लागेल.