शेवटचा टेंडर किती वाजता? मिस्टरी आयलंडवर उतरणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय एका अगदी चिमुकल्या बेटाबद्दल. क्रूझवाले त्याला मिस्टरी आयलंड म्हणतात, तिथल्या लोकांसाठी ते इन्येउग. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिकमध्ये वानुआतू हा देश आहे ना, त्याच्या पार दक्षिण टोकाला अनेत्युम नावाचं डोंगराळ बेट आहे, आणि त्याच्या अगदी समोर, होडीने जाता येईल इतक्या अंतरावर, हे पांढऱ्या वाळूचं बेट. सबंध बेटाला चालत फेरी मारायला तासभर पुरतो. वीज नाही, नळाचं पाणी नाही, हॉटेल नाही, आणि वस्तीही नाही. रात्री तिथे कुणीच राहत नाही. परत सांगते, रात्री तिथे कुणीच राहत नाही, हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारे.

मग जहाज येतं त्या दिवशी तिथे एवढी माणसं कुठून येतात? समोरच्या अनेत्युमवरून. सकाळी लवकर होड्या भरभरून येतात, विणलेल्या टोपल्या, सारोंग म्हणजे कमरेला गुंडाळायची कापडं, शहाळी, लॉब्स्टर, केसांच्या बारीक वेण्या घालून देणाऱ्या बायका, गाणारी पोरं, आणि संध्याकाळी सगळं आवरून परत आपल्या घरी. या बेटावर पितरांचा, आत्म्यांचा वावर आहे असं ते पूर्वीपासून मानत आलेत, म्हणून सूर्य बुडायच्या आत निघायचं.

एक गंमत सांगते, या एवढ्याशा बेटावर विमानाची धावपट्टी आहे! गवताची. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याने केलेली. अनेत्युमला विमानाने जाणारा माणूस इथेच उतरतो आणि मग होडीने पलीकडे जातो. १९७४ मध्ये राणी एलिझाबेथसुद्धा इथे येऊन गेली.

आता मुद्द्याचं. मोठं जहाज इथे धक्क्याला लागत नाही, ते लांब खोल पाण्यात नांगर टाकतं आणि आपल्याला छोट्या बोटींनी नेतात, त्या बोटींना टेंडर म्हणतात. खाली उतरण्याआधी एकच गोष्ट पाठ करा, शेवटचा टेंडर किती वाजता. आणि तो जहाजाच्या घड्याळाने, बेटाच्या नाही. मोबाईल कधीकधी स्वतःहून तिथली वेळ पकडतो, जहाजावरची वेळ वेगळी असली तर तासाचा घोळ होतो. साधं मनगटी घड्याळ लावा, जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. शेवटचा टेंडर किती वाजता, जहाजाच्या घड्याळाने.

हे मी एवढं घोकून का सांगतेय त्याचा किस्सा ऐका.

आम्ही सिडनीहून गेलो होतो, जुलै महिना, मी, आमचे हे आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. सकाळ इतकी सुंदर होती की काय सांगू, पाणी काचेसारखं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाशी मासे दिसत होते, आणि धावपट्टीच्या टोकाकडे समुद्री गवतात एक कासव चरत होतं, वर येऊन श्वास घ्यायचं आणि परत खाली जाऊन आपलं गवत ओरबाडायचं, मी तिथून हललेच नाही. (जाताजाता सांगते, पोरांना क्रूझवर नेण्याआधी पोहायला शिकवा हो, निदान पाठीवर तरंगायला तरी. माझं तर मत आहे पोहणं शाळेत सक्तीचं पाहिजे, चित्रकलेइतकंच.) असो.

दुपारी वारा वाढला. जेट्टीवर आलो तर टेंडर लाटेसरशी माणसाच्या उंचीएवढा वर यायचा आणि धाडकन खाली जायचा, दोन खलाशी दोर धरून उभे, आणि एका वयस्कर बाईंचा पाय बोट आणि जेट्टीच्या मध्ये जाता जाता राहिला. झालं, टेंडर थांबवले. काहीशे माणसं रांगेत, डोक्यावर ऊन, जहाजाने आणून ठेवलेलं पिण्याचं पाणी संपत आलेलं. काही जण त्या बिचाऱ्या खलाशांवर ओरडायला लागले. मला हे अजिबात पटत नाही. लाट काय त्या पोराने आणली होती का, आणि बोट थांबवली ती आपल्याच पायांसाठी ना?

आता बघा, तिकडे बायकांनी सामान बांधायला घेतलेलं, त्यांची निघायची वेळ होत आली होती. ज्या मावशींकडून जाऊबाईंनी सकाळी टोपली घेतली होती, फुलाफुलांचा ढगळ झगा घातलेल्या, त्यांनी एकदा रांगेकडे बघितलं आणि बांधलेली चटई परत सोडली. झाडाखाली अंथरली. मग दुसरीने सोडली, तिसरीने सोडली. म्हातारी माणसं, लहान मुलंवाल्या आया, सगळ्यांना हाताला धरून सावलीत आणून बसवलं. पोरं सरसर माडावर चढली आणि शहाळी पडायला लागली. जाऊबाई पर्स उघडून म्हणाल्या, "अगं, विचार तिला किती झाले," तर मावशींनी त्यांचा हातच धरून पर्स बंद केली. सकाळी शहाळ्याचे पैसे घेत होत्या त्याच मावशी. सकाळचा धंदा होता आणि आता आम्ही अडकलेले पाहुणे होतो.

मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही निघा ना, अंधार पडेल. त्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, पाहुणे गेल्याशिवाय आम्ही जात नाही. मग आतल्या झाडीकडे बघून म्हणाल्या, पण सूर्य बुडायच्या आत सगळेच जाऊ. हे त्यांनी आपण "पाऊस येईल, छत्री घे" म्हणावं इतक्या सहज सांगितलं.

आणि जेट्टीवर त्यांचेच एक आजोबा होते, अनवाणी, ते लाटेकडे बघत उभे. त्यांनी टेंडरवाल्या अधिकाऱ्याला सांगितलं, पाणी उतरू दे, रीफ (पाण्याखालचा पोवळ्यांचा खडक) वर आलं की लाट तिथेच फुटेल, इथे येणार नाही. अधिकाऱ्याने ऐकलं, हे त्याचं मोठेपण. आणि तस्संच झालं! चारच्या सुमाराला ओहोटी लागली, लांबवर रीफवर पांढरी रेघ दिसायला लागली आणि जेट्टीपाशी पाणी बरंच निवळलं. मग एकेकाला बोटीत घेतलं. आजोबा दोन लाटा जाऊ द्यायचे, तिसरीला हात वर करून ओरडायचे, "नाऊ!" आणि माणूस पाऊल टाकायचा. जाऊबाईंना गुडघ्याचा त्रास, तर त्या आजोबांनी त्यांची कोपर धरून अलगद उतरवलं. आमचा टेंडर सुटला, सूर्य पाण्याला टेकायला आलेला, तेव्हा कुठे मागे त्यांच्या होड्यांची इंजिनं सुरू झाली.

तर मंडळी, शेवटच्या टेंडरची वाट बघत बसू नका, एक-दोन टेंडर आधीच निघा. आपण जेवढा उशीर करतो तेवढी ती माणसं आपल्यासाठी थांबतात.

पैशांचं पटकन सांगते. एटीएम नाही, कार्ड नाही. तिथलं चलन वातू, पण ऑस्ट्रेलियन डॉलर घेतात. सुटे न्या, लहान नोटा न्या. लहान नोटा. पन्नासची नोट दिली तर ती बाई सुटे कुठून आणणार? आणि घासाघीस करू नका. कोविडमध्ये वानुआतूने मार्च २०२० ला सीमा बंद केल्या त्या जुलै २०२२ ला उघडल्या, तेवढा सगळा काळ या जेट्टीवर एकही जहाज नाही, एकही गिऱ्हाईक नाही.

सर्दी-ताप असेल तर जहाजावरच थांबा, हे मी कळकळीने सांगते. १८४० च्या दशकात चंदनाचे व्यापारी इथे आले, १८४८ मध्ये जॉन गेडी हे मिशनरी आले, आणि १८६१ मध्ये बाहेरून गोवर आला. अनेत्युमची गावंच्या गावं ओस पडली. जहाजातून काय उतरू शकतं हे या बेटांनी सोसलंय, तेव्हा एक दिवसाचं फिरणं गेलं तर गेलं.

तिथे एक मोठं भांडं ठेवलेलं असतं, नरभक्षकांच्या हंड्यात बसल्यासारखा फोटो काढायला. पैसे त्यांनाच मिळतात हे मला मान्य, पण मी नाही बसले. तेच पैसे मी टोपलीला देईन.

पाण्यात उतरताना रबरी बूट घाला, पोवळं पायाला कापतं आणि ती जखम लवकर भरत नाही. पोवळ्यावर उभं राहू नका, ते जिवंत असतं. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट बरा. पलाऊ या दुसऱ्या पॅसिफिक देशाने तर २०२० पासून पोवळ्याला घातक सनस्क्रीनवर बंदीच घातलीय. वानुआतूनेही २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्या आणि स्ट्रॉ बंद केलेत, तेव्हा शहाळं तोंडाला लावून प्या, कापडी पिशवी न्या.

आणि परतताना शंख-शिंपले खिशात घालू नका, राहू देत तिथेच. विणलेली टोपली किंवा लाकडाची वस्तू घेतली असेल तर ऑस्ट्रेलियात उतरताना फॉर्मवर लिहा, लपवू नका, ते बघतात, कीड-बिया काही नसेल तर परत देतात. जहाजावरची फळं मात्र बेटावर नेऊ नका आणि बेटावरची जहाजावर आणू नका. वेळ झालीय, निघते. नमस्कार.